पेंडंटची चिकटपट्टी

मोठ्या जावेनं तिला आधीच बजावलं होतं. जाऊ अकरा वर्षं बाटल्या भरायच्या कारखान्यात यंत्रावर होती. "कॉलेज कसलंही असू दे, नाव घालायच्या आधी हात धुवायची जागा बघून ये. जिथे बेसिनपाशी साबण नाही, तिथे माणसाची पर्वा नाही."

"ताई, मी रोबोट शिकायला चाललेय, भांडी घासायला नाही," ती हसून म्हणाली आणि सल्ला कानाआड केला. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती ना तिच्याकडे! मुलगी झाल्यावर तीन वर्षं ती घरी होती, डोक्याला बुरशी चढल्यासारखं वाटत होतं. एका वर्षाचा हा अभ्यासक्रम झाला की पुन्हा माणसात येऊ, असा तिचा हिशेब.

बेसिन पहिल्याच दिवशी दिसलं. तळाला काळपट साय, जाळीत कुणाचे तरी केस, नळाला गुंडाळलेलं कुजकं फडकं. तिने नाक दाबलं आणि प्रयोगशाळेत शिरली.

तिथे जाळीच्या पिंजऱ्यात पिवळा रोबोट होता, म्हणजे नुसता एक यांत्रिक हात, खांद्यापासून मनगटापर्यंत पुरुषभर उंचीचा. तो चालवायचा पेंडंटने. पेंडंट म्हणजे पाटीएवढा पडदा आणि बटणं असलेलं, लांब केबल लावलेलं हातातलं यंत्र. त्याच्या पाठीवर बोटांनी दाबून धरायची एक पट्टी असते. ती धरून ठेवाल तोवर रोबोट हलतो; घाबरून हात सोडलात की जागच्या जागी थांबतो. पिंजऱ्यात गेलेल्या माणसाचा जीव त्या दाबपट्टीवर टांगलेला असतो.

सरांनी ती दाबपट्टी चिकटपट्टीने दाबलेलीच राहील अशी बांधली होती.

"अठ्ठावीस जणांची प्रॅक्टिकलं आहेत. बोटं दुखतात म्हणून कुरकुरत बसलात तर परीक्षा पुढच्या जन्मी होईल," सर म्हणाले. वर्ग हसला. तीही हसली, हे तिला नंतर फार छळत राहिलं.

हिरवी चिकटपट्टी होती ती. वर्षभर तीच काढायची, तीच लावायची. कडांना मळाची काळी झालर, मधे अठ्ठावीस जणांच्या घामाचा ओशट थर. तपासणीला माणसं आली की पट्टी सरांच्या टेबलाखाली चिकटायची आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा पेंडंटवर. घरी गेल्यावर ती तीनदा हात धुवायची आणि मगच लेकीला उचलायची. आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तीच पट्टी लावायची.

वर्गात ती एकोणतीस वर्षांची असूनही 'काकू' होती. हे नाव 'फटाफट'ने ठेवलेलं. हा पोरगा दोन तासांचं काम चाळीस मिनिटांत उरकायचा, म्हणून तो फटाफट. प्रॅक्टिकलमधली तिची जोडीदार वर्गात सगळ्यांत लहान, म्हणून ती 'धाकटी'. बोलून बोलून जीव नकोसा करायची, पण काम नेटकं.

त्या दिवशी पावणेपाच वाजले होते. पाळणाघर साडेपाचला बंद व्हायचं आणि तिथल्या बाईंचं तोंड सव्वापाचलाच वाकडं व्हायचं.

"काकू, घड्याळ बघून ते पळत नाही हो," फटाफट म्हणाला.

"तुझं लग्न होऊ दे, मग बोल."

टेबलावरचा लोखंडी ठोकळा तिरका बसला होता. तो सरळ करायला धाकटी पिंजऱ्यात शिरली. बाहेर पेंडंटला हिरवी पट्टी गुंडाळली ती हिने, स्वतःच्या हातांनी. नखाने घट्ट दाबली. मग पुन्हा घड्याळ बघितलं आणि पिंजऱ्याकडे न बघता सुरू करायचं बटण दाबलं.

मान वर केली तर धाकटी अजून टेबलावर वाकलेली.

ही किंचाळली, हिचे दोन्ही हात उघडले, पेंडंट केबलला लोंबकळला. शंभरातली शंभर माणसं हेच करतील आणि दाबपट्टी त्यासाठीच असते. पण रोबोट थांबला नाही. सावकाश, शिकवलं होतं तस्सा, शहाण्या विद्यार्थ्यासारखा तो ठोकळ्यावर उतरला. मधे धाकटीचा डावा हात होता. फटाफटने धावत जाऊन रोबोटच्या नियंत्रण-कपाटावरचं थांबवायचं लाल बटण ठोकलं, तोवर व्हायचं ते झालं होतं.

सर धावत आले. ते आधी धाकटीकडे गेले नाहीत. खाली वाकून त्यांनी पेंडंट उचलला, हिरवी पट्टी सोलली, तिची गोळी केली आणि पँटच्या खिशात टाकली. मग म्हणाले, "अरे, बघता काय, पाणी आणा कुणीतरी!"

रक्त बघून हिला काही झालं नाही. त्या गोळीने मात्र शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. कागद तयारच होता: 'विद्यार्थिनी परवानगीशिवाय पिंजऱ्यात शिरली.' खाली सत्तावीस सह्यांची जागा. धाकटीची दोन बोटं गेली होती आणि कागदाप्रमाणे दोषही तिचाच, म्हणजे कॉलेजातूनही तीच जाणार. बाहेर तिचे वडील उभे होते, बसचालकाच्या गणवेशात, मुलीचं दप्तर छातीशी धरून.

सव्वीस सह्या झाल्या. फटाफटची पहिली.

"पेंडंट तुमच्या हातात होता, बाई," सर तिच्या कानाशी कुजबुजले. त्यांच्या तोंडाला वेलचीचा वास होता. "आम्ही तुम्हालाच सांभाळून घेतोय. घरी लहान मूल आहे. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

क्षणभर तिला तो कागद हवाहवासा वाटला. हाच क्षण तिला सगळ्यांत घाण वाटतो. सरांच्या खिशापेक्षाही घाण. मग तिने पेन उचललं आणि सहीच्या जागी लिहिलं: 'ती आत असताना मी न बघता रोबोट सुरू केला. दाबपट्टी मी बांधली होती. बांधायला सरांनी शिकवलं. आम्ही सगळे रोज बांधतो.'

"हे काय लिहिलंत?" प्राचार्य ओरडले.

"झालं ते."

कागदाची एक नक्कल तिने तिथेच मोबाइलवर टिपली आणि बाहेर जाऊन धाकटीच्या वडिलांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे तुम्हीच," एवढंच बोलले. ती "हो" म्हणाली. त्यांनी दप्तर दुसऱ्या हातात घेतलं आणि निघून गेले.

धाकटीचं नाव पटावर राहिलं. हिचं कमी झालं. सरांना शेजारच्या प्रयोगशाळेत हलवलं, एवढीच काय ती शिक्षा.

चार महिन्यांनी फटाफटचा फोन आला. मोठ्या कारखान्यात लागला होता, हाताखाली माणसंही दिली होती.

"तिथे तरी बांधत नाही ना रे?" तिने विचारलं.

"छे हो काकू, चिकटपट्टीचे दिवस गेले. इथे प्लॅस्टिकचा चिमटा आहे, मस्त बसतो. मीच शिकवतो सगळ्यांना."

"आणि पिंजऱ्यात कोण जातं?"

"नवीन लागलेले. आणखी कोण?" तो हसला.

तिने कारखान्याचं नाव विचारलं, तर त्याने फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

म्हणून वाचणाऱ्याला तिचं एवढंच सांगणं आहे. तुमची पुतणी, भाचा, मेहुणा, शेजारचं कुणी असल्या कामावर नव्याने लागलं असेल, तर आज फोन करा. 'बरं चाललंय' या उत्तरावर भागवू नका. विचारा, तू आत असताना बाहेर पेंडंट कुणाकडे असतो, आणि त्याने तो हातातून टाकला तर यंत्र थांबतं का? पलीकडचं माणूस जरा जरी अडखळलं, तर फोनवर बोलत बसू नका. उठा आणि जाऊन बघून या.