समीक्षाच्या आजाराचं खरं नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात, जुन्या फायलींच्या खोलीत माझं टेबल आहे. माझा पंखा सारखा घरघरतो. लोक म्हणतात, म्हातारा झाला. खरं तर मला चैन पडत नाही.

मी आलो त्या दिवशी नंदलालजींनी मला झेंडूचा हार घातला होता. नंदलालजी म्हणजे आमच्या खोलीचे बाबू. बरा होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाची फाईल त्यांच्याकडे येते आणि ते आजाराचा कोड माझ्यात भरतात. त्या कोडावरूनच गावागावांतल्या आरोग्यसेविकांना कळतं, कुणाच्या घरी कोणतं औषध पोचवायचं.

‘रक्तक्षय’ असं लिहिलं की मी कोडांची रांग समोर मांडायचो. सर्वांत वर डी चौसष्ट, म्हणजे रक्तक्षय, कारण माहीत नाही. बराच खाली डी सत्तावन्न, म्हणजे सिकलसेल, जन्मापासूनचा रक्ताचा आजार. नंदलालजी घाईत वरच्याच ओळीवर टिचकी मारायचे. संध्याकाळी टेबल रिकामं व्हायचं.

“वा! अपना रेकॉर्ड एकदम फर्स्टक्लास!” मोठे साहेब म्हणायचे. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

थंडी पडली आणि नवेगाव बांधच्या ललिताबाई आपल्या मुलीला, समीक्षाला, पुन्हा घेऊन आल्या. पोरीच्या हातापायांत कळा येत होत्या. तिला वॉर्डात झोपवून डॉक्टर अंजू बिसेन ललिताबाईंसह थेट आमच्या खोलीत आल्या.

“गोळ्या घरी येतीन म्हणून सांगतलं होतं,” ललिताबाई म्हणाल्या. “कोणीच नाही आलं जी! माही पोरगी दुखण्यानं लोळून राहिली.”

“नंदलालजी, सिकलसेलच्या यादीत हिचं नाव काऊन नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

“मॅडम, सुट्टीच्या कार्डावर तुमीच नुसतं रक्तक्षय लिहून देलं.”

डॉक्टरांनी फाईल त्यांच्यापुढे सरकवली. नंदलालजींनी फाईल उघडली. आतल्या पानावर रक्ताचा अहवाल होता. सिकलसेल, स्पष्ट छापलेलं. त्यांचा चेहरा उतरला. “मी आतलं पान पाह्यलंच नाही,” ते हळूच म्हणाले.

“आणि मी पूर्ण लिहिलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

त्याच घडीला माझ्यात समीक्षाच्या नावापुढे डी सत्तावन्न पडला. थोड्याच दिवसांत आरोग्यसेविका गोळ्या घेऊन समीक्षाच्या दारी गेली.

तेव्हापासून डॉक्टर आजाराचं नाव पुरतं लिहितात. नंदलालजी आतली पानं वाचतात, शंका आली की उठून वॉर्डात विचारून येतात. टेबलावर फायली साचू लागल्या.

“इतका टाइम कायले लागून राहिला?” साहेब चिडले.

“साहेब, चुकीच्या कोडावर गोळ्या घरी पोचतच नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. साहेब परत फिरले.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा संगणक येतोय. माझ्यातलं सगळं त्याच्यात जाणार, चुकांसकट. म्हणून नंदलालजी जुने डी चौसष्ट एकेक करून तपासत बसलेत. काही निस्तरले, पुष्कळ राहिलेत. त्यांतल्या एखाद्या घरी आत्ता कुणी कण्हत असेल, या विचारानं माझा पंखा थांबत नाही.

मला खुशाल भंगारात टाका. पण कुणाचं दुखणं लिहाल तेव्हा ते पुरतं लिहा, विचारून लिहा.

नंदलालजी, चहा नंतर घ्या. पुढची फाईल उघडा ना!