काम चालू आहे

बैठकीत खजिनदार म्हणाले, "माय मरो पण मावशी जगो," आणि स्वतःच हसले. मी म्हटलं, "माय अजून मेलेली नाही. तुमच्यासमोर बसून चहा पितेय." त्यावर मात्र कुणी हसलं नाही. ठराव मंजूर झाला: आमच्या संस्थेनं एकवीस वर्षं चालवलेलं फिल्मवाल्यांचं खातं महिनाअखेरीला दुसऱ्या, मोठ्या संस्थेकडे जाणार. त्या दिवसापासून मी त्या संस्थेला मावशीच म्हणते.

फिल्मवाले म्हणजे पोस्टरवर झळकणारे नव्हेत. आठवडाभर नोकरी करून सुट्टीच्या दिवशी स्वतःची फिल्म बनवणारी माणसं. त्यांना कॅमेरा उसना द्यायचा, शूटिंगच्या परवानगीसाठी पत्र द्यायचं, संकलनाच्या खोलीत पाळ्या लावायच्या. शिवाय एकट्यादुकट्याला देणगीदार दारात उभं करत नाहीत, म्हणून त्यांची फिल्म संस्थेच्या नावाखाली घ्यायची. हे सगळं खातं म्हणजे मी, एक टेबल आणि किल्ल्यांचा जुडगा. सगळे मला ताई म्हणतात, माझ्याहून मोठे असलेलेसुद्धा. मी फटकळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी येतात.

मावशीची अट एकच होती. ज्या फिल्मवर तीन वर्षांत काम झालेलं नाही, ती मावशी घेणार नाही. ती बंद करायची, तिच्या हार्ड डिस्क मालकाला परत द्यायच्या, आणि मग त्या फिल्मला वाली कुणी नाही. त्यांची एक अधिकारी येऊन प्रत्येक फिल्मची दहा मिनिटं बघणार होती, बनवणाऱ्याला शेजारी बसवून.

चौतीस फिल्म होत्या. तेहेतिसांची मला काळजी नव्हती. चौतिसावीच्या आठवणीनं मात्र रात्रीचं जेवण जाईना. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

ती एका नर्सची फिल्म. तिचे वडील एका जुन्या सरकारी इमारतीत लिफ्टमन होते. एकतीस वर्षं त्यांनी रोज प्रवास केला आणि इमारतीच्या बाहेर काही गेले नाहीत. ड्यूटी सांभाळून तिनं दोन वर्षं त्यांचं शूटिंग केलं. मग इमारतीत बटणांची लिफ्ट बसवायचं ठरलं आणि वडिलांच्या निवृत्तीची तारीख ठरली. शेवटच्या दिवसासाठी तिनं महिनाभर आधी माझ्याकडे कॅमेरा सांगून ठेवला होता.

तो कॅमेरा मी दुसऱ्याला दिला. एक बडबड्या होता आमच्याकडे. आदल्या दिवशी परत करायचा, तर टेबलावर हात आपटून म्हणाला, आणखी एक दिवस द्या, नाहीतर माझी फिल्म मेली. रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही. तो रडला, ही रडली नव्हती. मी एक दिवस वाढवून दिला, आणि तिला फोनवर सांगितलं की कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. ती म्हणाली, "असू दे ताई." त्याच वर्षी तिचे वडील वारले, आणि तिचं आमच्याकडे येणंच बंद झालं.

आमच्याकडे दर तीन महिन्यांनी प्रत्येक फिल्मचा अहवाल लिहावा लागतो. तिच्या नावापुढे मी लिहिलं, "काम चालू आहे." पुढच्या वेळीही तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून पाच वर्षं झाकूनच ठेवली. वीस अहवाल, वीस वेळा खोटं. खरं लिहिलं असतं तर फिल्म तेव्हाच बंद झाली असती, आणि माझ्या हातानं ती एकदा मोडून झाली होती.

मी तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाखवण्यासारखं काही नाही ताई. एक शॉट आहे, तेवढा आणते."

ती ड्यूटी संपवून थेट आली, गणवेशावर स्वेटर घालून. अधिकारी आधीच येऊन बसली होती. तिशीतली, बारीक आवाजाची, गळ्यात हेडफोन. ती मला मॅडम म्हणाली आणि मला ती तिथंच आवडेनाशी झाली. संकलनाची खोली म्हणजे जाड पडदे, दोन खुर्च्या, एक स्टूल. दाराची खिटी एकवीस वर्षांपासून नादुरुस्त. बाहेरून कुणी मूठ धरून उभं राहिलं नाही तर दार करकरत उघडतं.

शॉट सुरू झाला. लिफ्टच्या कोपऱ्यातून दिसणारा एक सडपातळ म्हातारा, डोक्यावर टोपी. माणसं आत येत होती, बाहेर जात होती, तो जाळीचं दार ओढत होता, हँडल फिरवत होता. पाय घसरलेल्या बाईला सांभाळा म्हणाला, फाइल विसरलेल्या कारकुनाला हाका मारत होता. नवव्या मिनिटाला लिफ्ट रिकामी झाली. तो कॅमेऱ्याकडे वळला.

"कितवा मजला?"

मागून मुलीचा आवाज आला, "कुठलाच नाही, बाबा. मी तुमच्याबरोबर."

"मग दार लाव."

एवढंच. पडदा काळा झाला. माझे डोळे भरून आले होते आणि मला स्वतःचाच राग येत होता.

अधिकारी बाईनं फाइल उघडली. "अहवालात म्हटलंय, काम चालू आहे. शेवटचं काम कधी झालं?"

नर्सच्या आधी मीच बोलले. "खोटं आहे ते. मी लिहिलंय, तिनं नाही. पाच वर्षांत काही झालेलं नाही, आणि त्याचं कारणही मीच." मग नर्सकडे वळले. "कॅमेरा दुरुस्तीला गेला नव्हता गं. मी दुसऱ्याला दिला होता."

"माहीत आहे, ताई."

"कसं?"

"पुढच्या आठवड्यात माझ्याकडे राहिलेली बॅटरी परत करायला आले होते ना. रजिस्टरवर सही करताना वरचीच ओळ दिसली."

"मग चार शिव्या का नाही घातल्यास मला?"

"घालणार होते. खूप राग होता." तिनं स्वेटरची बाही ओढली. "मग बाबा गेले आणि तो दिवसच आठवत राहिला. तो दिवस फिल्ममध्ये नाही, म्हणून फिल्मला शेवट नाही. घरी दहा वेळा बसले असेन. दर वेळी या शॉटपाशी येते आणि कॉम्प्युटर बंद करते."

"काय झालं होतं त्या दिवशी?" अधिकारी बाईनं विचारलं.

"काही नाही. मी मोकळ्या हातानं गेले. फोन काढला, तर बाबा म्हणाले, ठेव तो खिशात, दोन्ही हात लागतात. मला त्यांच्या स्टुलावर बसवलं. एक हात हँडलवर, एक दारावर. मग स्वतः बाहेर गेले, जाळी वाजवली, आत येऊन कोपऱ्यात उभे राहिले. टोपी काढून हातात धरली. म्हणाले, सहावा मजला. एकतीस वर्षांत त्यांना कुणी वर नेलं नव्हतं हो. मी नेलं. माझी लिफ्ट मजल्याच्या वीतभर खालीच थांबली. मला वाटलं ओरडतील. तर म्हणाले, पहिल्या दिवशी माझीपण अशीच थांबली होती." ती हसली आणि बाहीनं नाक पुसलं. "कॅमेरा असता तर मी कोपऱ्यात उभी राहिले असते, ताई."

अधिकारी म्हणाली, "खोट्या अहवालांची नोंद मला करावी लागेल, मॅडम."

"करा," मी म्हटलं. "ठळक अक्षरात करा."

तिनं खरोखरच लिहिलं, चार ओळी. पेन बंद केलं, आणि पिशवीतून एक छोटा रेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. "फिल्म तीस तारखेपर्यंत तुमच्याकडेच आहे. आज काम झालं, तर आज झालं असं मला लिहिता येईल." ती नर्सकडे वळली. "पडदा काळा ठेवून नुसता आवाज चालतो. आत्ता सांगितलंत ते पहिल्यापासून सांगाल?"

नर्सनं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? सांग."

दार करकरलं. अधिकारी बाईनं हेडफोन कानाला लावत त्याच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी उठले, बाहेर गेले, दार ओढलं आणि दोन्ही हातांनी मूठ घट्ट धरून उभी राहिले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. यायला नकोच होतं.

तेवढ्यात खजिनदार आले, हातात हस्तांतराचे कागद आणि आवाज नेहमीसारखा टिपेला. "अहो, इथं काय उभ्या? आत काय चाललंय?"

"हळू बोला," मी म्हटलं. "काम चालू आहे."

एकविसाव्या वेळी ते खरं होतं.