ताटलीतला अर्धा वाटा

“इब्राहीमभाऊ, ताटली रिकामी नेऊ नका. देवापुढं आन् गिऱ्हाइकापुढं रिकामं भांडं ठेवू न्हाई.”

गिरिजाबाईंचे हे शब्द अजून माझ्या कानात आहेत. मित्रांनो, मी शहागडच्या हायवेवरच्या एका हॉटेलातली जुनी स्टीलची ताटली. जेवण झालं की बडीशेप, खडीसाखर आणि बिल घेऊन मी टेबलावर जायचे. जालन्याच्या बाजारात मला किलोवर तोलून विकलं, तेव्हा माझ्यात चेहरा दिसायचा. आता ओरखडेच दिसतात.

इब्राहीमभाई तिथं वीस वर्षं वेटर होते. पगार नावाला, घर चालायचं ते गिऱ्हाइकं माझ्यात टीप ठेवायची त्यावर. ट्रकवाले दहाची नोट बडीशेपेखाली सरकवत. ती घेऊन इब्राहीमभाई थेट मागच्या मोरीवर येत. तिथं गिरिजाबाई भांडी घासत. त्यांचं तोंड कुण्या गिऱ्हाइकानं कधी पाहिलं नाही. पण पहिल्याच दिवशी इब्राहीमभाई म्हणाले होते, “आक्का, तुम्ही घासता म्हणून मी वाढतो. ताटलीतलं अर्धं तुमचं. हा माझा शब्द.” त्या अर्ध्यातून गिरिजाबाईंची रक्तदाबाची गोळी यायची.

मग काउंटरवर तो चौकोनी कोड लागला, पैसे आले की बोलणारा डबा आला. लोक जाता जाता तिथंच फोन धरू लागले. मी भरलेली जायचे नि रिकामी परत यायचे.

“मामू, चिल्लर राह्यलीच न्हाई कुणाकडं,” एक ड्रायव्हर म्हणाला. “सगळं फोनमधी.”

“बराबर हाय,” इब्राहीमभाई म्हणाले. “मंग पाणी बी फोनलाच मागा!”

सगळे हसले, इब्राहीमभाईही हसले. मोरीवर आले तेव्हा गिरिजाबाई नखानं गोळीचे दोन तुकडे करत होत्या.

“हे काय, आक्का?”

“अर्धी आज, अर्धी उद्या. इतके उपास केले, भाऊ, गोळीचा बी एक उपास.”

त्याच संध्याकाळी इब्राहीमभाईंनी आपल्या लेकीकडून, अर्शियाकडून, तिच्या खात्याचा कोड काढून आणला आणि माझ्या मधोमध चिकटवला. बडीशेप उचलली की तो दिसायचा. आठ दिवसांत चाळीस रुपये आले. नवव्या दिवशी एका कुटुंबानं तो बिलाचाच कोड समजून सगळं बिल त्यावर भरलं. काउंटरचा डबा गप्पच राहिला.

मालक बद्रीनाथशेठ धावत आले. “वीस वर्षं माझं मीठ खाल्लं, आन् माझ्याच ताटलीत तुझं खातं?”

“शेठ, ते टीपसाठी हाय. बिल मी मागितलं न्हाई. पोरगी आत्ताच्या आत्ता परत पाठवती.”

इब्राहीमभाईंनी फोन लावताच अर्शियानं पैसे पाठवलेही. डबा बोलला. पण शेठ ऐकायच्या पलीकडे गेले होते. “चोर” हा शब्द सगळ्या टेबलांनी ऐकला. शेठनं मला अंगणात भिरकावलं. “ही बी ने. उद्यापासून येऊ नको.”

माझा काठ चेपला. मोरीच्या दारात गिरिजाबाई साबणाच्या हातांनी उभ्या होत्या. इब्राहीमभाईंनी मला उचललं, पण त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही.

मित्रांनो, फोनवर माझा राग नाही. पण उठण्याआधी एवढं आठवा, तुमच्या घासामागं न दिसलेले हातही असतात. जमेल तेव्हा वाढणाऱ्याच्या हातावर काही ठेवा. ते कुठवर पोचतं, हे मी पाहिलंय. आणि ते थांबलं की काय होतं, तेही.

आज सकाळी मी इब्राहीमभाईंच्या घरात चुलीशेजारी पालथी पडले होते. त्यांनी मला उचललं, कोड खरवडून काढला, धुतलं, पुसलं. मग माझ्यात वीसची नोट ठेवली.

“काम गेलं,” त्यांची बायको अकबरबी म्हणाली. “आता कसला वाटा?”

“चाळीस आल्ते. अर्धे आक्काचे.”

अकबरबीनं डब्यातली मूठभर बडीशेप काढून नोटेवर पसरली. इब्राहीमभाईंनी वर रुमाल झाकला, पायात चपला सरकवल्या आणि मला घेऊन हॉटेलच्या मागच्या दाराची वाट धरली.