सातशेच्या आत

शिवराजच्या गाडीतून सगळ्यात आधी गेला तो रेडिओ. मग पायाखालच्या चटया, स्टेपनी, राखदाणी, आणि शेवटी दोन हॉर्नपैकी एक. एक पुरतो, म्हणाला. गाडी मुळात दोनच माणसांची, फायबरच्या अंगाची, वर कापडी छप्पर, बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. तिच्यातून काढण्यासारखं होतं तरी काय? पण हौसेला मोल नसतं तसा तिला लगामही नसतो. गारखेड्यातल्या घराच्या माळ्यावर ढीग वाढत गेला, तशी त्याची बायको राजनंदिनी एकदा म्हणाली, "थोड्या दिवसांनी गाडी माळ्यावर आन सामान रस्त्यावर दिसंल."

दर दिवाळीनंतर तो गाडी फुलंब्रीला न्यायचा. गाव त्याचंच. तिथल्या वजनकाट्यावर मक्याच्या ट्रॉल्यांच्या रांगेत ही हळदी रंगाची चिमुकली गाडी उभी राहायची, आणि काटेवाला दरवर्षी तेच विचारायचा, "सायेब, माल कुठंय?" शिवराज हसून पावती घ्यायचा आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकायचा. या गाडीच्या मालकांचा ग्रुप होता, 'दोनच सीट' नावाचा. तिथं कुणी रंगाबद्दल बोलायचं, कुणी वेगाबद्दल, पण खरा मान वजनाला होता. जेवढी हलकी तेवढी खरी. शिवराजच्या पावत्या सातशे चाळीस, सातशे वीस, सातशे दहा अशा उतरत गेल्या. मग सातशे झाले आणि गाडी तिथंच अडून बसली. काटा पाच-पाच किलोनं सरकतो, त्याला चिल्लर चालत नाही. दोन वर्षं सातशे म्हणजे सातशे.

चार वर्षांपूर्वी तो फकिरा वेल्डरकडं गेला. या गाडीच्या दाराच्या आत एक पोलादी नळी असते. बाजूनं कुणी येऊन ठोकलं, तर त्याचा बंपर आणि आतल्या माणसाच्या बरगड्या यांच्यामध्ये तेवढीच एक नळी. बाकी सगळं फायबर, म्हणजे बादलीच्या जातीचं. शिवराजनं डाव्या दाराची नळी दाखवली.

"सायेब, ही कुणी उगं घातली नसंल," फकिरा म्हणाला.

"माहितीय. काप."

नळी पावणेसात किलो भरली. दुसऱ्या दिवशी काट्याची पावती आली, सहाशे पंच्याण्णव. ग्रुपवर तीन दिवस अभिनंदनाचा पाऊस पडला आणि 'सातशेच्या आतवाले शिवराजदादा' हे नाव कायमचं चिकटलं. कसं केलंत, असं विचारलं की तो म्हणायचा, बारीकसारीक कमी केलं. नळी जुन्या चटईत गुंडाळून माळ्यावर गेली. राजनंदिनीनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

आता गाडी विकायची होती. फुलंब्रीहून आईला दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात आणावं लागायचं, आणि दोन सीटच्या गाडीत झोपून येणारी म्हातारी बसवायची कुठं? त्यानं ग्रुपवर लिहिलं आणि पुण्याच्या केयूरचा लगेच फोन आला. पस्तिशीचा मुलगा, या गाडीच्या नादानं पार खुळावलेला. "दादा, मला दुसरी कुठली नकोच. सातशेच्या आत एकच आहे," तो म्हणाला, आणि ते ऐकून शिवराजला गुदगुल्या झाल्या. दाराची गोष्ट त्यानं काढलीच नाही.

ग्रुपचा एक नियम होता. पूर्वी एकानं ब्रेक गेलेली गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारली होती, तेव्हापासूनचा. घेणाऱ्यानं गाडी घाटातून चालवायची आणि विकणाऱ्यानं शेजारी डावीकडं बसायचं. आपल्याच गाडीत परक्याच्या हाताखाली बसायला जो कचरतो, त्याची गाडी घ्यायची नाही.

रविवारी सकाळी दहाला केयूर आला, त्याच्या मोठ्या गाडीतून, बरोबर बायको सायली. त्यानं हळदी गाडीभोवती तासभर प्रदक्षिणा घातल्या. खाली आडवा झाला, वर उठला, इंजिनाला कान लावला. मग डावं दार एका बोटानं उघडलं आणि तसाच थांबला.

"दादा, दार किती हलकं आहे. काय केलंत?"

शिवराज टायरकडं बघत म्हणाला, "काय नाय. आतलं फालतू काढलं."

"याला म्हणतात काम," केयूर सायलीला म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं असतं, तसं शिवराजला वाटलं, आता हा दारावर टिचकी मारणार. पण केयूरनं दार लावलं, अगदी प्रेमानं. शिवराज मनाची समजूत घालत राहिला. राजनंदिनी याच सीटवर बसते की. दर रविवारी सकाळी दोघं वेरूळला जातात, घृष्णेश्वराचं दर्शन, गरम भजी, की परत. चार वर्षांत काय झालं? काहीच नाही. मग कशाला उगाच तोंड उघडायचं?

निघताना ठरलं की केयूर आणि शिवराज हळदी गाडीत, आणि सायली राजनंदिनीला घेऊन मागून मोठ्या गाडीत. वेरूळला चहा प्यायचा आणि तिथंच काय ते पक्कं करायचं.

शिवराज डावीकडं बसला आणि त्याच्या लक्षात आलं की नळी काढल्यापासून तो या सीटवर कधी बसलाच नव्हता. चार वर्षांत एकदाही नाही. सीट खोल होती. दाराची कड जेमतेम कोपरापर्यंत यायची, आणि रस्त्यावरची चाकं डोक्याच्या उंचीनं जायची. छावणीपर्यंत त्यानं बोलून वेळ काढला. मग बोलणं संपलं.

केयूरचा हात चांगला होता. दौलताबादच्या घाटात त्यानं गाडी अशी वळवली की शिवराजलाच हेवा वाटला. मागं आरशात सायलीची गाडी दिसत होती. उजवीकडून येणाऱ्या बसचं शिवराजला काही वाटत नव्हतं. त्याची नजर डावीकडंच होती. डावीकडून निघणारा एकेक कच्चा रस्ता, एकेक शेताची वाट, ढाब्यातून मागं सरकणारी एकेक जीप तो मोजत होता.

कागजीपुऱ्याजवळ सीताफळांच्या आडून पिकअप आली. डावीकडच्या उतारावरून, न थांबता, थेट रस्त्यावर. केयूरनं ब्रेक दाबला आणि स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. पिकअपवाल्यानंही ब्रेक मारला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा पिकअपचा लोखंडी बंपर शिवराजच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. बंपरवर पांढऱ्या रंगात 'आईची पुण्याई' असं लिहिलेलं होतं. त्यातला 'पु' त्याच्या अगदी तोंडासमोर आला होता.

"दिसत न्हाय का?" शिवराज म्हणाला. पिकअपवाल्यानं हात जोडले आणि गाडी मागं घेतली.

केयूर मात्र खुशीत होता. "पाहिलंत? जड गाडी असती तर थांबली नसती. हीच तर मजा आहे."

शिवराजनं सीटवर जमेल तेवढं उजवीकडं सरकून घेतलं.  आपण मेलो असतो, एवढंच डोक्यात फिरत होतं. इतकं साधं आहे हे त्याला आजवर खरंच कळलं नव्हतं.

वेरूळला चहाच्या टपरीसमोर चौघं उतरले. केयूरनं शिवराजचा हात हातात घेतला. "दादा, माझ्याकडून पक्कं. आजच नेतो."

"बरं," शिवराज म्हणाला. 

संपलं, असं त्याला वाटलं. नियम पाळला, घाट झाला, जीवही राहिला. पुण्याला गेल्यावर कुणाची गाडी आणि कुणाचं दार. तेवढ्यात सायली म्हणाली, "जाताना मी बसते केयूरबरोबर. मलाही कळू दे, एवढं काय आहे हिच्यात."

"नगं," शिवराज म्हणाला. तिघांनी त्याच्याकडं पाहिलं. "म्हंजे, ऊन लई झालं. छप्पर उघडंय. वारा लागतो."

"काय होत नाय," राजनंदिनी म्हणाली. "मी दर रविवारी बसते की. या, तुमाला ओढणी बांधून देते, नायतर केसांचा पार गुंता होतो."

तिनं सायलीला गाडीजवळ नेलं. आधी उजवा पाय, मग बूड, मग डावा पाय, असं शिकवून डाव्या सीटवर बसवलं. दार थोडं उचलून लावावं लागतं हे दाखवलं. आपली निळी ओढणी काढून तिच्या डोक्यावरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारू लागली. "घाटात ना, कोपर असं दारावर टेकायचं," ती सांगत होती. "लई भारी वाटतं. मला तर आठवडाभर तेवढंच असतं." एवढी आनंदात ती किती दिवसांनी दिसली होती. केयूर उजवीकडं बसून किल्ली फिरवायच्या बेतात होता.

आत्ता गप्प बसलो तर आयुष्यभर गप्प बसावं लागेल, हे शिवराजला स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ग्रुपमधली पंचेचाळीस नावं डोळ्यांपुढून गेली, त्यांचीही वाटली.

"ताई, खाली उतरा," तो म्हणाला.

"काय झालं?"

"त्या दारात नळी नाय. मी काढलीय. बाजूनं कुणी धडकलं तर सरळ तुमच्या अंगावर."

किल्लीवरचा केयूरचा हात थांबला. तो उतरला, फिरून डावीकडं आला, सायलीला हाताला धरून उठवलं आणि मग दारावर बोटं वाजवली. एकदा, दोनदा. पोकळ.

"वजनासाठी?"

"व्हय. सातशेवर अडली होती."

"आणि मघाशी ती पिकअप आली तेव्हा तुम्ही..."

"व्हय."

केयूरनं दार हळूच लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं शिवराजला वाटलं. "सहाशे पंच्याण्णवसाठी आलो होतो दादा मी," केयूर शेवटी म्हणाला. "ग्रुपवर तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"मीच सांगतो. नळी घरी हाय. परत बसवतो."

"बसवा. मग बघू. आज नाही नेत."

सौदा गेला, नाव गेलं, आणि तरी शिवराजला हलकं वाटलं. निदान वेळेवर बोललो. एका बाईचा जीव धोक्यात घातला नाही. तो मान वर करून राजनंदिनीकडं वळला, जणू शाबासकी तिच्याकडूनच मिळायची होती.

ती तिथंच उभी होती. ओढणीचं एक टोक अजून तिच्या मुठीत होतं, दुसरं सायलीच्या हनुवटीखाली.

"कधी काढली?"

"चार वर्सं झाली."

"चार वर्सं," ती म्हणाली. मग अगदी घरातली गोष्ट विचारावी तशी, "आन तुमच्या बाजूची?"

उजवं दार कुणी वाजवून पाहिलं नव्हतं. ती पण काढली, असं म्हणाला असता तर त्या क्षणी कुणी तपासलं नसतं. पण खोटं बोलायची त्याची ताकद आजच्या पुरती संपली होती.

"हाय," तो म्हणाला.

राजनंदिनीनं सायलीच्या हनुवटीखालची गाठ सोडली. ओढणीची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली.

"परक्या बाईसाठी तोंड उघडलंत, बरं केलंत," ती म्हणाली. "सायलीताई, तुमच्या गाडीत मागं जागा हाय का?"

परतीच्या वाटेवर मोठी गाडी पुढं होती आणि हळदी गाडी मागं. मागच्या काचेतून शिवराजला राजनंदिनीचा अंबाडा दिसत होता. खुलताबाद गेलं, तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. तो नेहमीच्या सवयीनं उजव्या दारावर कोपर टेकवून चालवत होता. फायबरच्या खाली नळीचा टणकपणा कोपराला लागत होता. कागजीपुऱ्याच्या वळणावर त्यानं कोपर उचलून घेतलं, आणि घरापर्यंत परत टेकवलं नाही.