झाकण कोणी उचललं?

मी भांडी धुणारी मशीन बोलतेय. घरातल्या ओट्याखाली मावणारी नव्हे, मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातली. अंगानं स्टीलची, पोटात कढत पाण्याची टाकी आणि वर-खाली होणारं जाड झाकण. मला बोलायची हौस नाही. पण एका सरकारी कागदावर माझी साक्ष नोंदली गेलीय, आणि ती खोटी आहे.

मी आले तेव्हा माझ्यावर कामाला एक बाई नेमली. तिला सगळे ताईच म्हणत, कारण तिथला मुख्य आचारी तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. नोकरी त्यानंच लावून दिली, पण पहिल्याच दिवशी बजावलं, "ताई, इथं मला नावानं हाक मारू नकोस. शेफ म्हणायचं."

"बरं शेफ," ती म्हणाली. तो वळल्यावर माझ्याकडे तोंड करून पुटपुटली, "शेफ म्हणे! याचा शेंबूड पुसता पुसता माझे पदर फाटले."

तिचा हात मोठा चलाख. खरकटं झाडायचं, प्लेटा जाळीच्या ट्रेमध्ये उभ्या लावायच्या, ट्रे आत सरकवायचा, झाकण खाली. दोन मिनिटं मी आधी साबणाचं आणि मग ऐंशी अंशांचं पाणी फवारायची. तेवढ्यात तिचा पुढचा ट्रे तयार. आठवड्यातून एकदा ती माझ्या फवाऱ्यांची भोकं दात कोरायच्या काडीनं साफ करायची. जेवणाऱ्यांच्या सवयी तिला उष्ट्यावरून कळायच्या. "हा बघ, अर्धं टाकून वर आणखी मागवलंय. पोट लहान नि हौस मोठी!"

झाकण उचललं की माझं पाणी आपोआप बंद व्हायला हवं. त्यासाठी कडेला एक छोटा स्विच असतो; झाकणातलं चुंबक त्याच्याजवळ आलं की झाकण मिटलं, असं मला कळतं. तिसऱ्या वर्षी तो बिघडला. झाकण बंद असलं तरी मला ते उघडंच वाटायचं आणि मी मधेच थांबायची. मेकॅनिक म्हणाला, "नवा स्विच यायला चार दिवस लागतील. तोवर मशीन बंद ठेवा."

"दोनशे माणसांची पार्टी आहे उद्या," मालक भडकले. "शेफ, काहीतरी करा."

भावानं फ्रिजवरचं एक लोहचुंबक काढलं आणि चिकटपट्टीनं माझ्या स्विचवर घट्ट बसवलं. आता झाकण उघडं असो की मिटलेलं, मला ते मिटलेलंच वाटणार. मी आंधळी झाले.

"ताई, मशीनवरचा दिवा विझेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. तिनं नाही लावला, एकदासुद्धा नाही. चौथ्या दिवशी नवा स्विच आला, पण तो बसवायला दोन तास मला बंद ठेवावं लागणार होतं. स्विचची डबी तशीच मसाल्याच्या फळीवर पडून राहिली. तीन आठवडे!

मग ती दुपार आली. बाहेर एकही टेबल रिकामं नव्हतं. भाऊ ओरडत होता, "प्लेटा कुठायत? अन्न काय तळहातावर वाढू?"

"एक मिनिट," ताई म्हणाली. चमच्यांची टोपली उचलायला ती माझ्यासमोर वाकली होती. तो तरातरा आला आणि मागूनच हात घालून त्यानं माझं झाकण वर ओढलं.

मी थांबले नाही. मला थांबायचं कळलंच नाही. माझं पाणी तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि गळ्यावर गेलं. तिनं मारलेली किंकाळी मी माझ्याच पंपाच्या आवाजात ऐकली. त्याच्या बाहीवर चार थेंब उडाले. तो आधी आपली बाही झटकत मागं सरला, मग तिच्याकडे धावला.

तिला दवाखान्यात नेल्यावर मालक त्याला म्हणाले, "चौकशी होईल. चुंबक तुम्ही लावलंत, शेफ. मला काही ठाऊक नाही." भावानं चुंबक काढलं, पट्टी खरवडली, गोंदाचा डाग घासून काढला आणि मेकॅनिकला बोलावून फळीवरची डबी त्याच्या हातात दिली.

दहा दिवसांनी कामगार खात्याचे साहेब आले. ताईलाही बोलावलं होतं. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, पायांत स्लिपर.

"झाकण कोणी उचललं?" साहेबांनी विचारलं.

"ताईनंच," भाऊ म्हणाला. "घाई नडली. मी शंभरदा सांगितलं होतं."

ताई स्पष्ट म्हणाली, "यानं उचललं, साहेब. आणि स्विचवर चुंबकही यानंच चिकटवलं होतं."

साहेबांनी मला सुरू केलं आणि मधेच झाकण उचललं. मी ताबडतोब थांबले. थेंब उडाला नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बाई, पाणी तर बंद होतंय."

"इथं होतं चुंबक. गोंद लागलेला असेल, बघा." तिनं पट्टीबाहेर आलेली बोटांची टोकं माझ्या कडेवर फिरवली. पुन्हा फिरवली. गोंद नव्हताच. असता तरी तिला कळला नसता, त्या बोटांना आता काही जाणवत नव्हतं.

साहेबांनी लिहिलं: मशीन सुस्थितीत. कामगाराचा निष्काळजीपणा.

तिला कामावरून काढलं. जाताना भाऊ हळूच म्हणाला, "ताई, माझी पोरं लहान आहेत गं."

"तूही लहानच होतास," ती म्हणाली आणि गेली.

आता माझ्यावर नवी बाई आहे. गेल्या आठवड्यात भर दुपारी ताई मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातांवरची कातडी चकाकत होती, बोटं आखडलेली. नवी बाई घाबरून म्हणाली, "तुम्हीच ना त्या? याच मशीननं भाजलेल्या?"

"मशीनला भिऊ नकोस," ताई म्हणाली. "वाकशील तेव्हा मागं कोण उभंय ते बघत जा."

भावानं ते ऐकलं. त्यानं येऊन दार लावलं, कडी घातली आणि प्लेटा मागितल्या.

माझं अजून बरंच आयुष्य शिल्लक आहे, असं मेकॅनिक म्हणतो. मी रोज हजारभर प्लेटा लख्ख करते. तुमच्यापुढे येणारी प्लेट कदाचित माझीच असेल. जेवा पोटभर. फक्त जाताना मागच्या दारावरून जा. ती तिथं असली, तर तिला विचारा काय झालं ते. मला तपासून काही कळायचं नाही.