रुग्णालयाच्या घंटा सांभाळणारी यादी

मित्रांनो, मी एक जुनी, दमलेली यादी आहे. एका रुग्णालयाच्या संगणकात, त्याचा सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रणालीच्या गाभ्यात, मी बावीस वर्षं राबले. खाटेजवळचं एखादं यंत्र म्हणे, "मला इतक्या सेकंदांनी उठव." मी त्याचं नाव वेळेच्या क्रमानं लावून घेई आणि वेळ भरली की त्याला हाक मारी. मग ते आपली घंटा वाजवी.

मला एका प्रोग्रॅमरनं मोठ्या हौसेनं लिहिलं. तेव्हा खाटा होत्या तीस. नवं नाव आलं की पहिल्यापासून एकेक नाव ओलांडत मी त्याची जागा शोधत असे. "किती सुटसुटीत!" म्हणून लोक मला नावाजत.

पुढे खाटा नऊशे झाल्या आणि दर खाटेला चार-पाच यंत्रं आली. हजारो नावं ओलांडताना माझ्या पायांचे तुकडे पडत. त्यात निम्मी यंत्रं, रुग्ण ठीक दिसला की, वेळ भरण्याआधीच म्हणत, "राहू दे, नको उठवू." सगळी पायपीट पाण्यात! पण घंटा वाजत होत्या, त्यामुळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एका दुपारी श्वासाच्या यंत्राची घंटा अकरा सेकंद उशिरा वाजली. सिस्टर नेमक्या खाटेशी होत्या, म्हणून रुग्ण वाचला.

तपास आला प्रोग्रॅमरच्या लेकीकडे. तीही आता तिथेच नोकरीला होती. तिनं वडिलांशेजारी खुर्ची ओढली.

"बाबा, यादीच पुरी पडत नाही. इथे घड्याळासारखं खणांचं चक्र हवं. ज्या क्षणी उठवायचं, त्या क्षणाच्या खणात नाव टाकायचं. शोधाशोधच नाही."

"बावीस वर्षं चाललंय ते! यंत्रातच खोट असेल."

"मोजून आलेय. हे बघा."

त्यांनी आकडे दोनदा वाचले. चष्मा काढून ठेवला.

"सिस्टर तिथे नसत्या तर गं?"

तिनं संगणकावर माझ्या ओळी उघडल्या.

"सरक जरा," ते म्हणाले. "मी लिहिलीय, मीच काढतो."

माझ्या ओळी पुसताना त्यांचा हात दोनदा थांबला. चक्र बसलं आणि घंटा वेळेवर वाजू लागल्या. मी आता जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात पडून आहे. खरं सांगू? बरं वाटतं.

मित्रांनो, एखादं मुकाट्यानं राबतंय म्हणून त्याच्यावर ओझं वाढवत जाऊ नका. अधूनमधून विचारा, "झेपतंय ना?" मला कुणी विचारलं असतं, तर मी केव्हाच "नाही" म्हणाले असते.