ॲपनं ओळखलेला रसिक

सिंदेवाहीच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणाऱ्या प्रफुलला आपल्या कानाचा भारी गर्व होता. गाणी काय, सगळेच ऐकतात. प्रफुलला मात्र एक ॲप रोज सकाळी 'खास तुमच्यासाठी' म्हणून नवी गाणी काढून देई, आणि ते 'खास' वाचलं की त्याची छाती दोन बोटं फुगे. तेच गाणं गल्लीत दुसऱ्या कुणी ऐकलं, तर ते त्याच्या मनातून उतरलंच म्हणून समजा.

जुलैपर्यंत ॲप त्याला गझला, सतार, फार तर एखादी परदेशी बासरी सुचवत होतं. पोळ्यानंतर मात्र त्याचा नूर पालटला. आधी गळा दाबल्यासारखं किंचाळणारा कुणी गायक आला. मग डबे बडवणारी मंडळी आली. दसऱ्याच्या सुमारास तर सोळा मिनिटं निव्वळ कुत्री भुंकत होती. प्रफुलचं डोकं ठणकलं, पण आपल्याला हे आवडत नाही असं म्हणायचा त्याला धीर होईना. लाखो लोकांची नाडी ओळखणारं ॲप, त्याला आपली कळणार नाही? आपला कान आता सुरांच्या पुढे गेला आहे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. बायकोला, करिश्माला, त्यानं हे सांगितलं, तर ती कानात कापूस घालून भाजी चिरायला बसली.

याच वेळी कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या संघप्रिया मॅडम 'नवं संगीत कसं ऐकावं' या कार्यशाळेसाठी वक्ता शोधत होत्या. पत्रिकेवर 'संगीत अभ्यासक' म्हणून आपलं नाव छापून यावं, याचा प्रफुलनं ध्यासच घेतला. त्यानं मॅडमना रविवारी सकाळी चहाला बोलावलं, स्पीकर पुसून ठेवला आणि कुत्री लावली.

चार मिनिटं मॅडम सभ्यपणे मान डोलवत राहिल्या. यातला दूरचा कुत्रा म्हणजे माणसाचं एकटेपण, असं प्रफुल डोळे मिटून समजावत होता. तेवढ्यात प्रफुलचा थोरला भाऊ खुशाल दारात येऊन उभा राहिला. हा गावाकडे जंगलाला लागून धानाची शेती करणारा. नवा फोन घेतला तेव्हा प्रफुलनं जुना याच भावाला दिला होता, ॲपच्या खात्यासकट. खुशालनं सीताफळांची थैली खाली ठेवली आणि स्पीकरकडे कौतुकानं पाहिलं.

"इथीबी डुकरं येऊन राह्यले का गा?"

मग उलगडा झाला. रानडुकरं शेतातल्या बांध्यांतलं धान फस्त करत होती, म्हणून खुशाल पोळ्यापासून मचाणावर फोनला भोंगा जोडून सापडेल ते कर्कश वाजवत होता. खातं एकच, त्यामुळे ॲपनं दोघांचा मिळून एकच रसिक धरला होता. कुठे तोंड लपवावं, असं प्रफुलला झालं. माझ्या जुन्या यादीतल्या गझला तरी लावायच्या होत्या, असं तो कसाबसा म्हणाला.

"लावल्या ना बापा," खुशाल म्हणाला. "डुकरं हाललेच नाई. निवांत दोन बांध्या खाल्ल्या."

मॅडमना हसू आवरेना. तरी त्यांनी मनापासून विचारलं, मग ती पळतात तरी कशानं?

"कशानंबी पळतेत बाई, पन तीनच दिवस. मंग त्याहिले सवय होते. चौथ्या दिवशी तेच लावलं तं भोंग्याखाली येऊन झोपतेत. म्हनून सारखं नवं लागते. ते हे ॲप बराबर काढून देते. मले एकट्याले एवढं कुठी सुचते?"

मॅडमनी पर्समधून वही काढून हे सगळं लिहून घेतलं. प्रफुलनं त्याच दुपारी रागानं पासवर्ड बदलला. संध्याकाळी भावाचा फोन आला, तेव्हा मुकाट्यानं नवा सांगूनही टाकला, कारण वर्षाचा तांदूळ त्याच बांध्यांतून त्याच्याही घरी येत होता.

पंधरा दिवसांनी पत्रिका आली. 'संगीत अभ्यासक' या शब्दांपुढं खुशालचं नाव होतं. प्रफुलनं ती उलटसुलट करून पाहिली. त्याचंही नाव होतं, अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ध्वनिव्यवस्थेपुढं.